चादरीखालचा हात

रुग्णाचा हात हातात घेणं हीच परिचर्येची सुरुवात आहे आणि तोच तिचा शेवट. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात पेटलेली मेणबत्ती होती. आमच्या नर्सिंग कॉलेजचा शपथविधी होता आणि प्रमुख पाहुण्यांनी ते माइकवरून सावकाश, दोनदा म्हटलं. पाहुणे एका साखर कारखान्याचे माजी संचालक होते. त्यांचं भाषण इतकं लांबलं की मेण वितळून आमच्या बोटांवर आलं, आणि सेवेची शपथ घ्यायच्या आधीच अर्ध्या वर्गाला बर्नॉल लावावं लागलं. वाक्य मात्र डोक्यात राहिलं. बारा वर्षांनी नागपुरात ते जवळजवळ खरं ठरलं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. तिथे नर्सला काम मिळत नाही असं होत नाही, त्यामुळे मी नागपूरला का आलो हे मला सगळेच विचारत. मुलाखतीत मी सांगितलं की मला ट्रॉमाच्या अतिदक्षता विभागाचा अनुभव घ्यायचा आहे. खरं कारण असं की धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि दोन खोल्यांच्या घरात माझ्या कॉटचं काय करायचं हा प्रश्न निघाला. कोणी तोंडाने काही बोललं नाही. पण रोज ड्यूटीवरून घरी आलो की कॉट थोडी सरकलेली असायची. ती दारापर्यंत आली तेव्हा मी अर्ज केला.

नागपुरात उतरलो तो मे महिना होता. धंतोलीतल्या ज्या गल्लीत आमचं हॉस्पिटल आहे तिथे हाडांचे, मेंदूचे, पोटाचे, डोळ्यांचे दवाखाने एकाला एक चिकटून उभे आहेत. पहिल्या आठवड्यात मी ते मोजायला निघालो आणि उन्हाने परत फिरवलं. अख्ख्या विदर्भातली माणसं तिथे फायली काखेत धरून पत्ते विचारत हिंडतात. मी पांढऱ्या गणवेशात असायचो म्हणून मलाही विचारायची. मला पत्ते माहीत नसत, पण बसवत नसे म्हणून मी त्यांच्याबरोबर शोधत जायचो. खोलीवर कूलर होता. तो रात्रभर टपरीवरच्या रेडिओसारखा बोलायचा. बॅग मी उघडून लावलीच नव्हती. कॉटखालून ओढायची, वरचा शर्ट काढायचा, परत ढकलायची. मोबाईलमध्ये राजीनाम्याचा मसुदा तयार होता. रोज त्यातला एखादा शब्द बदलत असे. पाठवत नसे आणि पुसतही नसे.

विभागात बारा बेड. मिरजेत मी वॉर्डात काम केलं होतं, तिथे माणूस दुखलं की ओरडतो. इथे माणसं गप्प असतात आणि त्यांच्या वतीने यंत्रं ओरडतात. पहिले काही दिवस प्रत्येक आवाजाला मी धावायचो. मग कोणत्या आवाजाला धावायचं ते कळलं, तरी पाय थांबेनात. आमच्या इन्चार्ज सिस्टर पंचवीस वर्षं याच कामात मुरलेल्या, नागपूरच्याच, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या महिनाभर माझ्याकडे चष्म्यावरून पाहत होत्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "ब्रदर, तुम्ही बसत काहून नाही? तुम्ही उभे राहिले म्हणजे पेशंट लवकर उठते काय?"

मी म्हणालो, सवय नाही. त्या म्हणाल्या, मग खुर्चीला हात लावून उभे राहा, पाहणाऱ्याला तरी बरं वाटते.

रुजू झालो त्याच दिवशी मी एक लेखी तक्रार दिली होती, हे इथे सांगून ठेवतो. चार नंबरच्या बेडवर एसीची जी जाळी आहे, तिची पट्टी अडकली होती आणि गार हवेचा झोत थेट पेशंटच्या छातीवर पडत होता. बाहेर डांबर पाघळत असताना चार नंबरचा पेशंट थंडीने आकसायचा. मेन्टेनन्सवाल्यांनी माझा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि शिक्का वाळेपर्यंत फुंकर घातली. पुढे काही झालं नाही. म्हणून त्या बेडच्या पेशंटला मी गळ्यापर्यंत चादर घालून ठेवायचो आणि नाडी बघायची तर चादरीखाली हात घालून बघायचो. इतर नर्सेसना हे फाजील लाड वाटत.

त्या बेडवर एका शनिवारी कुहीच्या पलीकडच्या खेड्यातले एक काका आले. वय पंचावन्नच्या आसपास. मोटारसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ट्रॉलीवर मागून आदळले होते. डोक्याला मार, चार बरगड्या मोडलेल्या. तोंडातून श्वासनलिकेत नळी, ती ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने बेडच्या कठड्याला सैलसर बांधलेली. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फॉर्मांवर तेच असतं. मी पुढे काही विचारलं नाही.

अशा पेशंटचं झोपेचं औषध रोज सकाळी काही वेळ बंद करतात आणि तो सांगितलेलं ऐकतो का ते पाहतात. आमच्या तक्त्यात त्यासाठी ओळच आहे: हुकूम पाळतो, किंवा पाळत नाही. पाळला तर नळी काढायचा विचार सुरू होतो. आमचे डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, राउंडला आले की आधी चादर कमरेपर्यंत खाली ओढत, कारण छाती, हात, पाय सगळं दिसलं पाहिजे. मग खणखणीत आवाजात म्हणत, "काका, डोळे उघडा. माझा हात दाबा." सर बोलायचे ते नेहमी मोठ्या सभेला उद्देशून बोलल्यासारखं. काका डोळे उघडायचे, छताकडे बघायचे आणि काहीच करायचे नाहीत. खांद्याला चिमटा काढला तर बांधलेला हात तिकडे जायला धडपडायचा. सर मान हलवायचे. पाळत नाही.

सर गेले की मी चादर वर ओढायचो आणि नाडीसाठी खाली हात घालायचो. तेव्हा काका माझी बोटं पकडायचे. रविवारी पाचही बोटं धरली, घट्ट. मी चमकलो. "काका, हात सोडा," म्हणालो. सोडला नाही. "आणखी दाबा," म्हणालो. ते माझ्या तोंडाकडे पाहतसुद्धा नव्हते. मी हात सोडवून घेतला. डोक्याला मार लागलेल्यांचा हात असा मिळेल ते पकडतो, नवजात बाळासारखा. त्यात समज नसते. उलट ते चांगलं लक्षण मानत नाहीत. मी नोंद केली: पकड आहे, प्रतिक्षिप्त.

सोमवारी त्यांनी चारच बोटं धरली. मंगळवारी तीन. बुधवारी दोन. दरवेळी मी हात सोडवून दुसऱ्या बेडकडे जायचो, कारण कुठे ना कुठे काहीतरी वाजत असायचं आणि नसलं तरी मी जायचोच. माझं अक्षर चांगलं आहे. चार दिवसांच्या नोंदी एकाखाली एक स्वच्छ दिसत होत्या: पकड कमी, आणखी कमी, क्षीण. बुधवारी सरांनी त्या ओळींवर पेन फिरवला, घसरतोय म्हणाले आणि खाली तेच लिहिलं.

त्यावरून पुढचं ठरलं. शुक्रवारी गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालायची, म्हणजे माणूस बरेच दिवस मशीनवर राहू शकतो. पुढे शुद्ध येईल का, याची खात्री देता येत नाही. सरांनी हे नातेवाइकांना काचेच्या खोलीत बसवून सांगितलं. त्या खोलीत भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र आहे आणि खाली इंग्रजीत आशेबद्दल काहीतरी लिहिलंय. नातेवाईक बाहेर आले आणि जिन्यापाशी त्यांची बैठक बसली. गळ्याला भोक पाडून ठेवायचं, माणूस ओळख देत नाही, यापेक्षा घरी नेऊ, असं बहुतेकांचं मत झालं. घरी नेणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. मलाही. मशीन आमच्याकडे राहतं.

काकांची बायको तेवढी काही बोलली नाही. बारीक चणीच्या बाई, डोक्यावर पदर, दिवसभर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. भेटीची वेळ दुपारी चारला दहा मिनिटं. त्या यायच्या, हिरवा गाऊन उलटा घालायच्या, मी सरळ करून द्यायचो. मग चादरीवर बाहेर काढलेला नवऱ्याचा हात धरून बसायच्या. हात त्यांच्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून असायचा.

गुरुवारी त्या आल्या तेव्हा मला आठवडाभरातली सगळ्यात वाईट अस्वस्थता होती. सकाळपासून तीनदा मी उगाच औषधांचं कपाट लावलं होतं. राजीनाम्यात 'वैयक्तिक' काढून 'कौटुंबिक' घातलं होतं. बाई हात धरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "घरी न्यायचं म्हणतेत सारे. मले यायनं एकदा हात दाबून सांगतलं असतं तं मी भांडली असती साऱ्यायसंगं."

नातेवाइकांना खोटी आशा देऊ नये असा नियम आहे. मी तो पाळत आलो होतो, आणि त्या क्षणी का मोडला ते मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, माझा हात ते धरतात, पण त्याला अर्थ नाही, तो आपोआप होतो. रविवारी पाच बोटं धरली, सोमवारी चार, मग तीन, काल दोन. ताकद जातेय.

बाईंनी वर पाहिलं. "तुमचा हात चादरीखाली होता का वर?"

"खाली. एसी अंगावर येतो म्हणून."

"अन् त्यायनं बोटं धरली का तुम्ही काय करता?"

"काही नाही. सोडवून घेतो आणि जातो."

त्यांनी नवऱ्याचा हात चादरीवर ठेवून दिला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. मी पाण्याचा ग्लास शोधायला लागलो. मग दिसलं की बाई हसतायत, आवाज होऊ न देता, खांदे हलवत.

"ब्रदरभाऊ," त्या म्हणाल्या, "ते सौदा करून राहिले तुमच्यासंगं."

मग त्यांनी सांगितलं. काकांची शेती दोन एकर, नावापुरती. खरा धंदा बैलांची दलाली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. चारचौघांत आकडा फुटला तर पुढचा सौदा बिघडतो. दोघं जण समोरासमोर उभे राहतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं, तो भाव. वर गप्पा चाललेल्या असतात, पावसाच्या, पोरीच्या लग्नाच्या. तोंडाकडे कोणी पाहत नाही. बाई कधी बाजारात गेल्या नव्हत्या, पण सौदे घरच्या अंगणातही होत. चहा घेऊन गेलं की दुपट्टा हलताना दिसायचा.

"तुम्ही रोज उठून जाता," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक उठलं का भाव उतरवाच लागते. पाचाचे दोनावर आणले तुम्ही त्यायले."

मी खुर्चीवर बसलो. महिनाभरात पहिल्यांदा. इन्चार्ज सिस्टरांनी लांबून ते पाहिलं आणि काहीतरी गंभीर झालंय असं समजून लगेच आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या नोंदींचं पान उलटलं, "घसरतोय" वाचलं आणि फोन उचलला.

सर आले तेव्हा बाईंच्या दहा मिनिटांवर पंधरा मिनिटं होऊन गेली होती. सर म्हणाले, ग्रास्प रिफ्लेक्स आहे. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, असेल ना सर, हात घालून पाहायले काय जाते. सरांनी सवयीने चादर खाली ओढली. काका छताकडे बघत राहिले. सर म्हणाले, "हात दाबा, काका." काही नाही.

"असं नाही," बाई म्हणाल्या. "त्यायनं जन्मात कोणाचं आयकलं नाही, सर. तुम्ही सहा दिवसांपासून हुकूम सोडून राहिले."

त्यांनी चादर वर ओढली, नवऱ्याच्या हातावर नीट पसरली आणि सरांना खाली हात घालायला सांगितलं. घड्याळ काढून. सरांनी घड्याळ काढलं. मी त्यांच्या बाजूला उभा होतो, मला फक्त चादर दिसत होती. काही वेळ ती हलली नाही. मग जरा हलली.

"दोन बोटं धरलीत," सर म्हणाले. सभेचा आवाज नव्हता.

"आता तुम्ही त्यायचं एकच बोट दाबा," बाई म्हणाल्या.

सरांनी दाबलं असावं, कारण चादर झटकन वर उडाली. काकांनी सरांचा हात फेकून दिला होता, पट्टीने बांधलेल्या मनगटाला जेवढं फेकता येतं तेवढा. मॉनिटरवर नाडीचा आकडा चढला. काका अजूनही छताकडेच बघत होते, पण कपाळावर एक आठी आली होती, जी सहा दिवसांत आम्ही कोणी पाहिली नव्हती.

रिफ्लेक्स पकडतो. तो नकार देत नाही. हे सरांना मला सांगावं लागलं नाही. त्यांनी परत हात घातला.

"लगेच हो म्हणू नका," बाई म्हणाल्या. "लगेच हो म्हटलं तं त्यायले वाटते आपण कमी सांगितला."

शहरातला एक नावाजलेला डॉक्टर चार नंबरच्या बेडपाशी चादरीखाली हात घालून उभा होता, आणि त्याची बाहेरची पेशंटं टोकन धरून बसली होती. सरांनी एकदा दीड म्हणून पाहिलं. एका बोटासोबत दुसऱ्याचं अर्धं पेर दाबलं की दीड होतं, हे बाईंनी सांगितलं होतं. काकांनी ते मनावर घेतलं नाही. शेवटी सरांनी दोनाला होकार दिला, म्हणजे तळव्यावर तळवा मारला. काकांचा हात सैल झाला, आठी गेली आणि ते झोपले.

सरांनी फाईल मागितली. हुकूम पाळतो आणि पाळत नाही या दोन रकान्यांच्या मध्ये त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी समासात लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. इंग्रजीत होतं आणि त्याचा अर्थ 'वाटाघाटी करतो' असा होता. माझ्या चार दिवसांच्या नोंदी खोडता येत नाहीत, कायद्याने. त्या तिथेच आहेत, सुवाच्य. त्यांच्यावरून बैठक जिन्यापाशी बसली होती आणि शुक्रवारी दुपारपर्यंत काकांना घरी न्यायला उठली असती, हे त्या पानाकडे पाहताना मला दरवेळी आठवतं.

बाई जिन्यापाशी गेल्या आणि भांडल्या. आवाज आतपर्यंत येत होता. शुक्रवारी गळ्याला छिद्र पाडलं नाही, मशीनचा आधार कमी करून पाहिला. शनिवारी दुपारी नळी काढली. सोमवारी काका कुजबुजत्या आवाजात पाणी मागायला लागले आणि मंगळवारी चहा. मी पाण्यात बुडवलेला कापूस ओठांना लावला तेव्हा माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

मिरज म्हटल्यावर ते म्हणाले, तिकडची बैलं दिसायले चांगली, नांगराले कामाची नाहीत.

वॉर्डात हलवायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना काही आठवत नव्हतं. ट्रॉली आठवत नव्हती, मी नाही, सर नाहीत. असं होतंच. पण ते लक्ष देऊन ऐकत होते, विशेषतः भावाचा भाग.

"सौदा कितीवर पटला म्हणता?"

"दोन बोटं."

"जोडी का एक?"

ते मला माहीत नव्हतं. काकांनी उशीवर मान वळवून बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन हजारात आजकाल बकरं येत नाही," ते म्हणाले. "मंग मी बेशुद्धच होतो."

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलने लॉबीत छोटा समारंभ ठेवला. फुगे, केक, मागे बॅनर. व्यवस्थापक सूट घालून आले होते. मानवी स्पर्शाला विज्ञान हरवू शकत नाही, असं ते म्हणाले, आणि माझा हात धरून कॅमेऱ्यापुढे काकांच्या हातात दिला. फोटोत आम्ही दोघं हात धरून उभे आहोत. काका माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, सवय म्हणून. सर बाजूला टाळ्या वाजवतायत. तो फोटो आता लिफ्टशेजारी लावलाय. खाली लिहिलंय की रुग्णाचा हात हातात घेणं हीच परिचर्येची सुरुवात. कोणत्या साखर कारखान्याचं हे वाक्य आहे ते लिहिलेलं नाही.

त्या समारंभासाठी व्यवस्थापक विभागात आले होते. फोटोच्या आधी जागा बघायची म्हणून ते चार नंबरच्या बेडपाशी दोन मिनिटं उभे राहिले आणि त्यांना शिंक आली. एसीची जाळी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली.